लतीफाचं रिकामं मनगट

लतीफाचा हात दुखतो हे तिनं मला सांगितलं नाही, मला चहाच्या कपावरून कळलं. उजव्या हातानं कप उचलताना तिनं डावा हात खाली लावला, लहान पोरं लावतात तसा. मी विचारलं, "कोपर?" तर म्हणते, "झोपेत दबला बाई." वर्षभर तिचं हेच उत्तर; वर्षभर कोणी झोपेत हात दाबत नसतं.

शिरपूर जैनच्या बसस्टँडजवळ तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, रऊफभाईंचं, बांगड्यांचं दुकान आहे. रऊफभाई गल्ल्यावर बसून बोलतात, बायकांचे हात भरते ती लतीफा. पंजा एकदा दाबला की माप ओळखते. मग अंगठ्याचं हाड आत दाबायचं, बोटं जुळवायची, की काच मनगटावर! मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण इतकं नेमकं काम करणारी माणसं थोडीच पाहिली. मात्र हे पिळणं तीस वर्षं एकाच हातानं चाललेलं. कोपराच्या बाहेरच्या हाडाला स्नायू जिथं चिकटतो, ती जागा झिजली. दोन इंजेक्शनं झाली. दर वेळी दोन महिने बरं, मग पुन्हा तेच.

मी दटावल्यावर तिनं लपवायचं खरं कारण सांगितलं. "रामनवमीले पोहरादेवीच्या जत्रेत दुकान मांडून बसायचं हाय. सासूपासूनची जागा हाय ते. एक साल नाही बसली तं बाजूवाला ताडपत्री सरकवते. मंग गेली जागा."

तेव्हा जानेवारी होता. माझा भाचा प्रसेनजित वाशीमला फिजिओथेरपीचा दवाखाना चालवतो. मी लतीफाला एसटीत बसवलं आणि शेजारी स्वतः बसले, नाहीतर ती वाटेतल्या मालेगावलाच उतरून परतली असती.

प्रसेनजितनं तिचं कोपर तपासलं, दुखरी जागा पेनानं गोल केली, गार जेल लावलं आणि यंत्राचा दांडा टेकवला. ठकठकठकठक. लतीफानं माझा गुडघा धरला.

"मार खायले इतक्या दूर आणलं का व मले?"

"खाला, सुई नाही, चिरा नाही," तो म्हणाला. "आवाजाच्या लाटांचे दणके आहेत हे. जुनं दुखणं झालं की शरीर त्या जागेकडे बघणंच सोडून देतं. दणक्यांनी त्याला जागं करायचं. रक्त फिरतं, भरणं सुरू होतं. पण भरतं ते तुमचं शरीर, यंत्र नव्हे. म्हणून वेळ लागतो. आठवड्यातून एकदा, पाच वेळा. सांगितलेला व्यायाम रोज. सूज उतरवायच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. आणि मी सांगेपर्यंत कोणाचा हात भरायचा नाही."

"हो बेटा," म्हणाली. हो म्हणायला तिला कधीच अडचण नसते.

दुसऱ्या खेपेनंतर तिला हलकं वाटलं आणि तिथंच घोटाळा झाला. तांड्यावरच्या मोतीबाई नव्या सुनेला घेऊन आल्या आणि सुनेनं हात पुढे केला. लतीफाच्या सासूनं घालून दिलेली रीत अशी, की पुढे आलेला हात रिकामा परत पाठवायचा नाही. सुनेमागून मोतीबाईंच्या दोन जावा, मग शेजारणी. संध्याकाळपर्यंत लतीफानं अकरा जणींचे हात भरले. सकाळी तिला वेणी घालता येईना.

"खाला, मी काय सांगितलं होतं?" प्रसेनजित चिडला.

"तू सांगतलं बेटा, पण सासूनं आंधी सांगतलं होतं."

आता हिच्या मेलेल्या सासूशी भांडायचं कोणी? मी विचार केला, रीत रितीनंच मोडावी. त्याच सासूची दुसरी रीत मला ठाऊक होती. स्वतःचं मनगट रिकामं असताना बांगड्या भरणाऱ्या मनियारणीनं दुसरीचा हात भरायचा नाही.

"काढ उजव्या हातातल्या बांगड्या," मी म्हटलं.

तिनं उजवं मनगट डाव्या हातानं झाकलं. "लोकं काय म्हणतील?"

"म्हणू दे. तुला जागा पाहिजे की लोकं?"

तिनं डाव्या हातानं एकेक बांगडी उतरवली. एकही फुटू दिली नाही.

औषध लागू पडलं. बायका यायच्या, ते मनगट बघायच्या आणि पुढे केलेला हात पदरात घ्यायच्या. लतीफा डब्यातून बांगड्या काढून द्यायची आणि घरी जाऊन घाला म्हणायची. भोगावं लागलं रऊफभाईंना. किन्हीराजाच्या एका बाईनं दुकानात येऊन लतीफाच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. गल्ल्यामागून रऊफभाई ओरडले, "अवो बाई, मी जित्ता हाय! हे काय बसलो!" पुढचे दोन महिने गिऱ्हाईक दिसलं की ते आधी खोकायचे.

पाच खेपा फेब्रुवारीत संपल्या. लतीफाला वाटलं, संपलं आणि फसलंही. दुखणं होतंच. प्रसेनजित म्हणाला, थांबा. रोज ती पाण्याची बाटली धरून मनगट वरखाली करायची आणि त्याला शिव्या घालायची. मार्चच्या मध्यावर एका सकाळी तिनं पिळलेली चादर दोरीवर टाकली आणि मग तिच्या लक्षात आलं, की पिळताना आपण ओरडलो नाही. वाशीमला मूठ दाबायच्या यंत्रात उजवा हात डाव्याच्या बरोबरीला आला. "दर तासाला विश्रांती, डाव्या हातालाही काम द्या," या अटीवर प्रसेनजितनं सोडलं.

रामनवमीच्या आदल्या दिवशी आम्ही पोहरादेवीला पोचलो. बाजूवाल्यानं ताडपत्री हातभर सरकवलेली होतीच. लतीफानं ती धरून ओढली आणि खुंटी पुन्हा जागेवर ठोकली. उजव्या हातानं. मी मुद्दाम पाहिलं.

मग बसली, डाव्या हातानं आपल्या उजव्या मनगटात डझनभर हिरव्या चढवल्या. समोर मोतीबाई हात पुढे करून तयारच होत्या.

"बरा झाला का व हात? नाहीतर काच रुतवशील मले. दोन-चारच्या मापाच्या दे, नेहमीच्या."

लतीफानं पंजा हातात घेतला आणि एकदाच दाबला.

"दोन-चार गेल्या मोतीबाई, आता दोन-सहा. दुखत माहा हात होता, जाड तुमी झाल्या."