एकोणीस पिशव्या

"भिया, चंदन अकेला नहीं जीता," असं म्हणत काका रोपाच्या पिशवीवर टिचकी मारायचे. मला ते म्हाताऱ्या माणसाचं तत्त्वज्ञान वाटायचं. मी मान डोलवून चहा प्यायचो.

इंदूरकडच्या बागलीत, जिथं भैयाचा भिया होतो, काकांचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. काकांचा जन्म सरकारी रोपवाटिकेच्या नोकरीत गेला होता. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, नातवंडांची नावं चुकतील पण झाडाचं वय चुकणार नाही. परसातलं त्यांचं जुनं चंदन चोरांनी बुंध्यापासून कापून नेलं. डब्यात थोडं बी उरलं होतं. दोनदा पेरलं, उगवलंच नाही. तिसऱ्या खेपेला होतं नव्हतं तेवढं पेरलं आणि एकोणीस रोपं आली.

"पोरांचं एवढं कधी केलं नाही ह्यांनी," काकू म्हणायच्या.

दिवाळीनंतर काकूंना इंदूरला दवाखान्यात न्यावं लागलं. काकांनी फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली. "पाणी घालत जा, भिया. बस, और कुछ नहीं."

पण मी पडलो टापटिपीचा. प्रत्येक पिशवीत चंदनाला खेटून गवतासारखं काहीतरी माजलं होतं. काका खूश होतील म्हणून एका सकाळी मी ते सगळं उपटून पिशव्या साफ केल्या. वर स्वतःचं कौतुकही करून घेतलं.

काकूंना घेऊन काका परतले आणि पिशव्यांपुढे उकिडवे बसले. एकेका पिशवीतली माती बोटांनी चाचपून पाहिली.

"ते गवत मीच लावलं होतं," शेवटी म्हणाले. "चंदनाची मुळं त्याच्या मुळांना चिकटतात, त्यातून पितात. आता हे उपाशी मरेल."

त्यांनी पुन्हा तेच गवत लावून पाहिलं. उपयोग झाला नाही. पानं पिवळी पडत गेली. रोज सकाळी काका एखादी मेलेली पिशवी रिकामी करायचे आणि कुंपणावरून विचारायचे, "चाय हो गई, भिया?" ते मला रागावले असते तर फार बरं झालं असतं. संक्रांतीपर्यंत एकही रोप उरलं नाही. काकांनी पुन्हा मातीला हात लावला नाही. होळीच्या आधी तेही गेले.

दहाव्यानंतर मी काकूंना भेटायला गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो.

"थंडीनं रोपं गेली आणि ह्यांचं मनच उडालं बघा," काकू म्हणाल्या. "मला सारखं सांगायचे, भियानं पोटच्या पोरासारखी जपली होती."

मी मान डोलवली आणि काकूंनी दिलेला चहा पिऊन घरी आलो.