टोकाचं वजन

"फिरव," लोहारमामा एवढंच म्हणायचे. कोयता मागायला कोणीही येवो, आधी त्याच्या हातात एखादा तयार कोयता द्यायचे आणि समोर उकिडवे बसून त्याच्या मनगटाकडे बघत राहायचे. हवेत दोन-चार वार झाले की निकाल. "न्हाई बसला." लगेच दुसरा.

अंकुशनगरला साखर कारखान्याच्या रस्त्यालगत त्यांची भट्टी होती. मी शेतकी विभागातला, ऊसतोडीवर देखरेख करणारा, त्यामुळे आमची गाठ रोजचीच. सगळे त्यांना लोहारमामा म्हणायचे. ऐरणीवर मामा सांडशी धरायचे आणि घण मामी मारायच्या. त्यावर कोणी हसलं की मामा म्हणायचे, "तू उचलून दाव." हसणाऱ्याला मग काहीतरी काम आठवायचं.

गिऱ्हाईकाला ताटकळत ठेवण्यात मामांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. बाजारात तयार कोयते ढिगाने मिळतात, असं तोडणी टोळ्यांचे मुकादम चिडून सुनावायचे. "मंग घ्या की," मामा म्हणायचे. "चपला बी समद्यांला एकाच मापाच्या घ्या."

एका हंगामात भोकरदनकडच्या टोळीत रुखमा होती. टोळीत नवरा-बायको मिळून हिशेबाला एक कोयता धरतात, हातात मात्र दोघांच्या दोन असतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. पंधरवड्यात दोनदा तिने स्वतःच्याच नडगीवर वार करून घेतला. मुकादमाने नवऱ्याला बजावलं, "हिच्यानं होत न्हाई. आता लागलं तर दोघंबी गावाकडं निघा." भर हंगामात परत जायचं म्हणजे वर्ष गेलंच. रुखमाचा चेहरा मला बघवेना. दोघांना घेऊन मी मामांकडे गेलो.

मामांनी जखमेकडे बघितलंसुद्धा नाही. मला रागच आला. रुखमाने कोयता फिरवला, तसा त्यांनी तो काढून घेतला आणि मुठीपाशी बोटावर तोलला. टोक धाडकन खाली गेलं.

"हे पुढं काय डकवलंय?"

"दणका बसावा म्हून गाडीच्या स्प्रिंगपाट्याचा तुकडा वेल्ड करून घेतल्ता," नवरा ऐटीत म्हणाला. "मी नवा घेतला, तवा माझा हिला दिला."

"बसला की दणका. नडगीवर."

मग त्यांनी समजावलं. टोक जड असलं की सकाळी वार झोकात पडतो. दुपारी मनगट थकतं, आणि मग कोयता नेईल तिकडं हात जातो.

त्यांनी तुकडा तोडला, पण तेवढंच लोखंड मागे मुठीकडे जोडलं. बाभळीची मूठ बोटभर लांब केली. मला नसती खोड, मी शेजारच्या किराणा दुकानात आधी आणि नंतर वजन केलं. दोन्ही वेळा जवळपास सारखंच भरलं. रुखमा मात्र म्हणाली, "किती हलका झाला वं मामा!"

मामा माझ्याकडे बघून मिशीत हसले. "काटा ऊस तोडत न्हाई, सायेब."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उसाच्या फडात थांबलो. रुखमा नवऱ्याच्या चार पावलं पुढे होती. दुपार टळली तरी बुडखे जमिनीलगत, एकसारखे. मुकादम मागून चूक शोधत चालला होता, बिचाऱ्याला एक सापडेना. शेवटी म्हणाला, "बराबर चाललंय." परत पाठवायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. मला तर असा अभिमान वाटला, जसा काही तो घण मीच मारला होता.

मामा गेले त्याला दोन वर्षं झाली. मामी लेकीकडे राहतात. भट्टीच्या जागी पंक्चरचं दुकान आलंय.

यंदा अंबडला एका लोहाराच्या दारात रुखमा दिसली. धार लावून लावून तिच्या कोयत्याचं पातं झिजलं होतं. लोहार तयार कोयता पुढे करत होता, तिने तो घेतलाच नाही. "नवा घडवा. टोक हलकं करा, लोखंड मागं ठेवा. व्हईस्तवर म्या हितंच बसते."

"कुणी शिकवलं गं तुला हे?" लोहाराने विचारलं.

तिने मान वर करून मामांचं नाव सांगितलं. पुरं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. इतकी वर्षं मी रोज त्यांच्या भट्टीवर चहा प्यायलो, मला ते माहीत नव्हतं.