कार्डावरचा नंबर

लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास आला की मला शिरूरच्या स्टँडसमोरचं झेरॉक्सचं दुकान आठवतं. एकट्यानं डोंगर चढायचे म्हणून मी आईच्या जुन्या डब्यात शिट्टी, टॉर्च, दोरी, काडेपेटी भरली होती. राहिलं होतं फक्त ओळखीचं कार्ड. मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं नाव, रक्तगट टाइप करून दुकानातल्या ताईंनी विचारलं, "काय झालंच तर फोन कुनाला लावायचा?" आईचा नंबर बंद होऊन वर्ष झालं होतं. तोंडात आला तो नंबर मी सांगितला. त्यांनी मोबाइलवर माझा मेसेज पुन्हा पाहिला. "आवो दादा, ह्यो तर तुमचाच हाय. तुमीच पडल्यावर फोन उचलनार कोन?" मागं रांग होती. "असू द्या," म्हणालो. ते कार्ड अजून डब्यात आहे. कुणी नंबर लावलाच, तर रिंग माझ्याच खिशात वाजेल.