पॅडमधली तार

पासष्ट सालच्या पावसाळ्यात आमच्या हॉकी संघाची यादी कॅप्टन ठरवत नव्हता, पलटणीतले साहेब ठरवत होते. मलकापूरच्या आमच्या आळीत घरटी एक माणूस फौजेत. ज्याची रजा मंजूर होईल तो खेळायचा, रजा संपली की ट्रंक उचलून चालता व्हायचा. आसपासच्या गावांची लीग होती, दर रविवारी सामना, आणि एकदाही आमचे तेच अकरा जण मैदानात उतरले नाहीत. कायमचा मी एकटाच. भरतीत दोनदा छाती कमी भरली होती, त्यामुळे मला रजेची गरजच नव्हती. मी गोलकीपर, पायाला शाळेतून मागून आणलेले क्रिकेटचे पॅड. चेंडू पलीकडे असला तरी माझे पाय थांबत नसत, गोलपुढच्या चिखलात येरझाऱ्या घालून मी खड्डा पाडला होता.

शेवटचा सामना आष्ट्याशी, जिंकेल त्याची ढाल. तोवर आमच्यातले सगळे फौजी परत गेले होते. उरला होता फक्त माझा थोरला भाऊ, आमचा सेंटर हाफ; बाकीच्या जागी शाळेतली पोरं भरली होती. तो नसता तर आम्ही मैदानात उतरलोच नसतो. त्याला पहिली मुलगी झाली होती, वहिनी माहेरी खंडाळ्याला. रविवारी सामना, सोमवारी बारसं. बापाने बारशालाच जायचं असा आमच्या घरचा रिवाज, त्यामुळे त्याने अजून पोरीचं तोंड पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी सकाळी दारात तारवाला आला. दादा आंघोळीला गेला होता. मीच सही केली आणि मीच फोडली. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. दुपारच्या एस्टीने निघाला असता तर खंडाळ्याला उतरून, पोरीला बघून, पुण्याहून पलटणीकडे जाणारी रात्रीची गाडी त्याला मिळाली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी कागदाची घडी केली आणि पॅडमध्ये सारली.

आष्ट्याचे आठच जण आले. दादाने त्यांच्या कॅप्टनला विचारलं, "बाकीची कुठं हायती?"

"तारा आल्या गड्या. गेली पोरं."

दादा माझ्याकडे वळला. "आपल्याकडं आली न्हाई ना रं?"

"न्हाई," मी म्हणालो.

तो सामना मला आठवतो तो नडगीला घासणाऱ्या त्या कागदामुळे. दर पावलाला तो टोचत होता. आठ जणांविरुद्ध आम्ही दोन-एकने जिंकलो, तेही धापा टाकत. लाज वाटावी असा विजय, आणि मी ढाल डोक्यावर घेऊन नाचलो.

पॅड सोडल्यावर मी तार त्याच्यापुढे धरली.

"कवा आली?"

"आत्ताच."

कागद घामाने लगदा झाला होता, शाई पसरली होती. त्याने तो सावकाश उलगडला, वाचला, माझ्या पायाकडे पाहिलं. एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. "ट्रंक भर," एवढंच म्हणाला. संध्याकाळच्या एस्टीला मी त्याला बसवलं. ती खंडाळ्यात थांबली, पण हा उतरला असता तर पुण्याची गाडी चुकली असती. आठवड्याभरात रेडिओवर लढाईच्या बातम्या सुरू झाल्या. पुढचे कितीतरी दिवस मी जेवताना ताटावरून उठून पोस्टमन बघायला जायचो.

तो धडधाकट परत आला. तोवर पोरगी चालायला लागली होती. त्याने हात पुढे केले तशी ती किंचाळली आणि धावत येऊन माझ्या पायाला बिलगली. दादा तसाच उकिडवा बसून राहिला.

"मोठी झाली की सांग हिला," तो म्हणाला, "तवा मी का उतरलो न्हाई ते."

ती आता दोन मुलांची आई आहे. दर दिवाळीला मला ओवाळते. मी अजून सांगितलेलं नाही.