बाजूच्या टेबलावरची सिगारेट

मी मेहकरला ठाणेदार होतो तेव्हाची ती घटना आजही तशीच्या तशी आठवते.

एक तरुण शिक्षक गरोदर बायकोला घेऊन हमरस्त्यावरच्या हॉटेलात जेवायला गेला होता. शेजारच्या टेबलावरचा धूर तिला सहन होईना, म्हणून त्याने त्या माणसाला सिगारेट विझवायला सांगितली. त्या माणसाने पाण्याचा स्टीलचा जग त्याच्या डोक्यात घातला आणि निघून गेला. शिक्षक दवाखान्यात बेशुद्ध पडलेला. मारणाऱ्याला शिक्षकाची बायको ओळखत नव्हती. हॉटेलमालक म्हणाला, "मास्तर घसरून पडले." बाकी कोणी काही पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. त्याच हॉटेलात काम करणारी एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "साहेब, मारणारा रोजचं गिऱ्हाईक आहे. आमच्या मालकाले सारं माहीत आहे. कालपासून जेवले नाहीत ते. माझं नाव नका घेऊ."

मालकाला बोलावलं. घाबरलेल्या माणसावर ओरडलं की तो आणखी मिटतो, म्हणून आधी चहा दिला.

हॉटेलाच्या भिंतीवर काढलेल्या बोर्डाची खूण मी पाहिली होती. विचारलं, "धूम्रपानबंदीचा बोर्ड काऊन काढला?"

"साहेब, बोर्ड लावला का गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात जाते. तिथं त्याले कोणी टोकत नाही. म्या एकट्यानंच काऊन वाईट व्हावं?"

मला खरी गाठ तिथे सापडली. हा माणूस लबाड नव्हता, एकटा पडला होता. मी त्याला घरी पाठवलं आणि सकाळी स्टाफ घेऊन त्या रस्त्यावरची हॉटेलं तपासायला निघालो. सुरुवात समोरच्या हॉटेलापासून केली. ओढणाऱ्यांना दंड, बोर्ड न लावणाऱ्या मालकांनाही दंड. ओळखीपाळखीचे फोन आले, कोणालाही सोडलं नाही.

दुपारी मालक आपणहून ठाण्यात आला. "साहेब, लिहा जबाब. साऱ्याइले सारखं आहे तर मी काऊन भिऊ?"

आरोपी एक वजनदार ठेकेदार निघाला. त्याला संध्याकाळी अटक केली. मालकाने लपवलेला जग पंचनाम्यात जप्त झाला. शिक्षक बरा झाला, बायकोही सुखरूप बाळंत झाली. कोर्टात मालकाची साक्ष जराही डगमगली नाही. आरोपीला शिक्षा झाली.

कायद्याने माणसं सुधारत नाहीत, असं पुष्कळ जण म्हणतात. मी एवढंच शिकलो, की नियम सगळ्यांवर सारखा चालला तर साध्या माणसाला शूर व्हावं लागत नाही. त्या रस्त्यावरच्या हॉटेलांत आता कोणाला सिगारेट ओढायची असली, तर तो न सांगता उठून बाहेर जातो.