ठरवून हसलेलं भूत

आप्पामामा हसताना तोंडावर पंचा धरत. लग्नात, तालमीच्या कट्ट्यावर, अगदी पोराटोरांसमोरही. दात चांगले होते, तब्येत पैलवानी होती. पण हसू आलं की पंचा वर. "भुताला हसायची चोरी हाय," म्हणत. कोल्हापुरातल्या एका पिढीला ते ठाऊक होते ते भूत म्हणूनच.

तरुणपणी मामांनी एका सिनेमात रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचं काम केलं होतं. पन्हाळ्यावर शूटिंग, बँडवाल्याकडून मागून आणलेला मखमली झगा, दोरीला बांधलेली कागदी वटवाघळं. शेवटी नायक छातीत खुंटी ठोकतो आणि पिशाच्च मरतं. त्या युनिटमध्ये एक रिवाज होता. मरणाचा शॉट संपला की नटानं लगेच डोळे उघडून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे अपशकुन फिटतो. तेवढा तुकडा मागाहून कापून टाकायचा. कापायचं काम मामांचे जिवलग दोस्त बाबूकाका यांचं, आणि नेमका तोच तुकडा त्यांच्या हातून राहून गेला.

थिएटरात मेलेलं पिशाच्च खुंटीसकट गोड हसलं आणि पब्लिकनं खुर्च्या बडवल्या. सिनेमा आपटला. निर्मात्यानं बाबूकाकांना सगळ्यांदेखत हाकललं, पुन्हा कुणी त्यांना फिल्मला हात लावू दिला नाही. त्यांनी उचगावात सायकलचं दुकान टाकलं. मामांना गावानं 'हसरं भूत' केलं. पण दोस्ती टिकली. दर आठवड्याला मामा उचगावला जात, आणि बाबूकाका दर वेळी एकदा तरी म्हणत, "माझ्यामुळं तुझं हसं झालं की रं."

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका तरुण दिग्दर्शकानं त्याच सिनेमाचा रीमेक काढला. कोल्हापुरातल्या पहिल्या खेळाला मामांना खास आमंत्रण होतं; मी, त्यांची भाची, सोबत गेले. खरं सांगते, नव्यात सगळं झकपक होतं. पिशाच्चाचा फ्लॅट माझ्या घराच्या तिप्पट. रक्त तर इतकं की आमच्या जुन्या पिशाच्चानं जन्मात पाहिलं नसेल. पण भीती वाटेना. जुन्यात मामा कुंकवाचं पाणी पिऊन ठसकायचे, तरी ते भुकेलं भूत वाटायचं. हे आपलं जिमला जाणारं.

मात्र शेवटी, छातीत खुंटी असलेल्या त्या पिशाच्चानं डोळे उघडले आणि ते हसलं. थिएटर चिडीचूप झालं. माझ्या अंगावर काटा आला. त्या पोरानं आमची चूक उचलून तिचं सोनं केलं होतं.

मग मामांना पुढे बोलावून शाल घातली. दिग्दर्शक त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "मूळ सिनेमातलं ते हसू म्हणजे कमाल आहे. तुम्हाला सुचलं कसं?" मामांनी माईक धरला. समोर सगळी माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. जन्मभर हसं झालेला माणूस तो.

"ठरवून हसलोतो, शॉट संपायच्या आधीच," मामा म्हणाले.

रिक्षात बसल्यावर त्यांनी शाल काढून माझ्या मांडीवर टाकली. "मी काय बोलून बसलो गं," एवढंच म्हणाले. तोवर कुणीतरी काढलेला व्हिडिओ गावभर फिरला होता.

रविवारी ते मला घेऊन उचगावला गेले. बाबूकाकांना खरं सांगायचं, माफी मागायची, असं वाटेत चारदा घोकलं. बाबूकाका अंगणात बाजेवर बसले होते. मामांना तोंड उघडू न देताच त्यांनी विचारलं, "आप्पा, तू ठरवून हसलास व्हय?"

मामा बाजेच्या कडेला टेकले.

"माझा बा मरंपतूर म्हणायचा, आंधळ्यानं फिलम कापली. मी बी तसंच धरून चाललो." बाबूकाकांनी मामांचा हात धरला. "म्हंजे कापायला येगळा तुकडाच न्हवता, माझी चूक न्हवतीच की?"

त्या म्हाताऱ्या डोळ्यांतली आशा मला बघवेना. मामांनी खाली बघितलं. "न्हवती," ते म्हणाले.

"मग मला हाकललं तवा बोलला का न्हाईस?"

"भ्यालो."

बाबूकाकांनी हात सोडला. मग म्हणाले, "जा आता. परत येऊ नगंस."

परतताना मी मामांवर चिडले. निदान आता तरी खरं सांगायचं होतं, मी म्हणाले. मामा बाहेर बघत होते. "खरं सांगितलं असतं तर त्याच्या माथी चूक परत बसली असती," ते म्हणाले. "राहू दे माझ्याच माथी. शाल मीच घेतलीया न्हवं."

त्यानंतर उचगावात ज्याला त्याला बाबूकाका सांगू लागले की चूक माझी नव्हतीच, दोस्तानं घात केला. मंडईत लोक मामांना तोंडावर बोलत. मामा मान खाली घालून ऐकून घेत आणि भाजी घेऊन घरी येत. गेल्या वर्षी ते गेले. उचगावातून कुणी आलं नाही.

दिवस झाल्यावर मीच बाबूकाकांकडे गेले. त्यांनी मला बसवलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. अंगणात शेजारची दोन माणसं होती. त्यांना माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही त्याची भाची. इचारा हिला. ठरवून हसला आणि मला बुडवला, खरं का न्हाय?"

मी कप हातात धरला. शरमेनं मान वर होईना. "खरं आहे काका," मी म्हणाले.