आमच्या व्याह्यांची मांजरपूर्व तयारी

मांजर न पाळता मांजराविषयी सगळं काही जाणणारा या पृथ्वीतलावर एकच माणूस असेल, आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. म्हणजे आमचे व्याही. हे नातंच मुळात अवघड. मित्रासारखा खांद्यावर हात टाकता येत नाही, भावासारखं भांडता येत नाही, आणि समोरच्याने काही सांगितलं तर तोंडावर नाही म्हणायची सोय नाही. त्यात आमचे व्याही पडले सेफ्टी ऑफिसर. नवी मुंबईत, पावणे एमआयडीसीतल्या एका केमिकल फॅक्टरीत एकतीस वर्षं त्यांनी लोकांना हेल्मेट घालायला लावलं. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण अजूनही कुणाच्या घरात शिरले की त्यांची नजर आधी वायरींवरून, मग गॅसच्या नळीवरून आणि सगळ्यात शेवटी यजमानांवरून फिरते. आमच्या गॅसची नळी कधी बदलायची आहे ती तारीख त्यांना पाठ आहे. मला लग्नाचा वाढदिवससुद्धा तेवढा पाठ नाही, असं आमची ही म्हणते, आणि ते खरं आहे.

मुलीच्या लग्नात आम्ही मानपान, आहेर, रुसवेफुगवे या सगळ्याची मनाची तयारी करून बसलो होतो. वरपक्षाची गाडी आली, ओवाळणं झालं, व्याह्यांनी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठल्या बाजूला आहे?" माझ्या मेव्हण्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला वाटलं, ही मंडळी आत्ताच निघाली. पुढे दोन दिवसांत त्यांनी आमच्याकडे काही म्हणजे काही मागितलं नाही. साधा चहासुद्धा स्वतः जाऊन घेतला. फक्त सप्तपदीच्या प्रत्येक फोटोत वधूवरांच्या मागे वाळूची लाल बादली धरून उभा असलेला एक गंभीर गृहस्थ दिसतो. तो वरपिता.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी गेल्या. मुलगा आणि आमची लेक बंगळूरला. नेरूळच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये व्याही एकटे राहतात आणि ऐरोलीला आम्ही दोघं. त्यामुळे रोज सकाळी नऊला त्यांचा मला फोन असतो. तब्येत, पाणी आलं का, लिफ्ट चालू आहे का, संपलं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका फोनवर ते म्हणाले, "व्याहीबुवा, मांजर पाळावं असा विचार आहे."

"पाळा की! त्यात विचार कसला करायचा?" मी म्हणालो.

ते म्हणाले, "हे वाक्य मी प्रत्येक अपघाताच्या रिपोर्टमध्ये वाचलंय."

आणि फाइल उघडली गेली. माझी समजूत अशी की मांजर हा प्राणी आपण आणत नाही, तो आपला आपण येतो, बशीत दूध घातलं की राहतो आणि नाही घातलं तरी राहतो. व्याह्यांनी माझं हे सगळं अज्ञान एकेक करून निकालात काढलं. मोठ्या मांजराला दूध बहुतेक वेळा पचत नाही, पोट बिघडतं, ही पहिली बातमी ऐकून माझ्या बालपणीची निम्मी गोष्टींची पुस्तकं निकामी झाली. आपण तापावर घेतो ती साधी गोळी मांजराच्या जिवावर उठते. दोरा, रबरबँड, राखीचं रेशीम हे सगळं ते गिळतं. लसी कुठल्या, नसबंदी केव्हा, जंतांचं औषध किती, हे सगळं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून काढलं होतं. एकदा त्यांच्या वाढदिवसाला आमच्या हिने मोठ्या हौसेने फुलांचा गुच्छ नेला. त्यात चार लिली होत्या. व्याह्यांनी हसून आभार मानले, गुच्छ दोन बोटांत धरला आणि तो थेट जिन्यात नेऊन ठेवला. "विहीणबाई, गैरसमज नको. लिली मांजराला विषारी. किडन्या जातात."

"अहो पण मांजर कुठंय?" ही म्हणाली.

"मांजर यायच्या आधीच सवय लागायला हवी."

गॅलरीचं प्रकरण तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेलं. कबुतरांसाठी नायलॉनची जाळी सगळ्यांच्याच गॅलरीला असते, पण मांजर ती कुरतडून बाहेर पडू शकतं, आणि सातव्या मजल्यावरून पडलेलं मांजर दर वेळी पायांवर उतरून चालू लागत नाही. म्हणून व्याह्यांना तारेची जाळी हवी होती. बिल्डिंगचा लूक बिघडेल, असं सेक्रेटरींचं म्हणणं पडलं. "काका, टेन्शन काय घेता? मांजर आल्यावर बघू ना," असं ते म्हणाले आणि त्यांची चूक झाली. व्याह्यांनी त्यांना घरी बोलावून पाच किलो बटाट्यांची पिशवी नायलॉनच्या जाळीवर आपटून दाखवली. जाळी सुटली. खाली आधीच दोरी लावून वॉचमनला उभं केलं होतं, त्यामुळे बटाटे सोडून कुणाला इजा झाली नाही. परवानगी त्याच संध्याकाळी मिळाली.

मग आला सराव. फॅक्टरीत नवीन मशीन सुरू करण्याआधी ते माल न घालता चालवून बघतात, तसं व्याह्यांनी महिनाभर मांजर नसताना मांजर सांभाळलं. पहाटे साडेपाचला उठायचं, कारण मांजर तेव्हाच उठवतं. वाटीतलं पाणी बदलायचं. खोक्यातली वाळू चाळायची. मी एका सकाळी गेलो तेव्हा सत्तरीचा हा माणूस गुडघे टेकून स्वच्छ वाळू अतिशय मन लावून चाळत होता. शेजारच्या शिरवणे गावाहून कामाला येणारी बाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काका, मांजर हाय कुठं? रोज पानी बदलता, पितं कोन?"

"येणार आहे," व्याही म्हणाले.

"मंग आल्यावर करा ना. आमच्या गावात एवडी मांजरं हायत, कोनी वालू चालून नाय ठेवली." तिने माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच विचारलं, यांना बरं आहे ना? मीही डोळ्यांनीच सांगितलं की हे पहिल्यापासून असेच आहेत.

ॲलर्जीची चाचणी आमच्या ऐरोलीत झाली. आमच्या शेजारी आयटीतलं एक जोडपं राहतं, त्यांच्याकडे दोन मांजरं आहेत. ओळख मी करून दिली. व्याही दर रविवारी तिथे जाऊन तासभर सोफ्यावर बसायचे आणि शिंक येते का याची वाट बघायचे. पाच रविवार मांजरांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सहाव्या रविवारी त्यातलं एक येऊन त्यांच्या फाइलवर बसलं. शेजारीण सांगत होती, काकांनी तासाभराने निघताना फाइल तिथेच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन नेली. मांजराला उठवायचं कसं, ते फाइलमध्ये होतं, आणि फाइल मांजराखाली होती.

शेवटी मॉक ड्रिल. आम्हा दोघांना खास बोलावणं आलं. लोकरीच्या कानटोपीत टॉवेल कोंबून मांजर तयार केलं होतं. ते घरात कुठेतरी लपवलेलं, आणि ते आजारी आहे, डॉक्टरकडे न्यायचंय असं समजून मी ते शोधून, टोपलीत घालून, चार मिनिटांत लिफ्टपाशी पोचायचं. मी पलंगाखाली वाकलो, कपाटाच्या वर पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. "घरात एरवी जे काम करता तेही चालू ठेवा," व्याही घड्याळाकडे बघत म्हणाले. "मशीनमध्ये कपडे आहेत, ते लावा." मी मशीनचं बटण दाबलं. व्याह्यांनी शांतपणे वहीत काहीतरी लिहिलं.

"व्याहीबुवा, तुम्ही मांजर धुतलंत."

ही इतकी हसली की तिला बसावं लागलं. मीही हसलो. व्याही मात्र हसले नाहीत. त्यांनी चहा केला, आमच्यासमोर ठेवला, फाइलचं शेवटचं पान उघडलं आणि घसा खाकरला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ही परीक्षा मांजराच्या टोपलीची नव्हती, माझी होती. पानावर लिहिलं होतं: मांजराचं आयुष्य पंधरा ते अठरा वर्षं. माझं वय एकाहत्तर. खाली 'माझ्या पश्चात जबाबदार व्यक्ती' असं लिहून पुढे रेघ मोकळी सोडली होती.

"मुलांचं घर लहान, दोघं दिवसभर बाहेर. त्यांना नाही विचारणार," ते म्हणाले. "ही रेघ भरल्याशिवाय मी आणणार नाही. जो जीव उद्या रस्त्यावर येणार, तो आज घरात कशाला आणायचा?"

आता तिथे मी पटकन सही करायला हवी होती. पण मी आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस. सही म्हटली की माझा हात आखडतो. माझंही वय त्रेसष्ट, गुडघे बोलायला लागलेले, वर्षातून दोनदा बंगळूर. मी म्हणालो, "बघू."

"बरोबर आहे तुमचं," ते लगेच म्हणाले आणि फाइल मिटली. पुढचे बारा दिवस सकाळी नऊचा फोन यायचा, तब्येत, पाणी, लिफ्ट, संपलं. मांजराचं अवाक्षर नाही. दोन वर्षं रोज मांजर ऐकून माझे कान किटले होते, आणि आता ते ऐकू येईना तर मला सकाळचा चहा गोड लागेना. तेराव्या दिवशी हीच म्हणाली, "त्या माणसाने लग्नात आपल्याकडे एक सुपारीसुद्धा मागितली नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, आणि तुम्ही 'बघू' म्हणालात."

मला लाज वाटली. आम्ही त्याच दिवशी नेरूळला गेलो. वाळूचं खोकं धुऊन उपडं घातलेलं होतं. फाइल माळ्यावर गेली होती. "काढा ती," मी म्हणालो.

"मी तुम्हाला अडचणीत टाकलं. व्याह्याने असं मागायचं नसतं."

"मग हा लग्नातला राहिलेला मान समजा. काढा फाइल."

स्टूल लागलं. ते धरायला अर्थातच मला उभं केलं गेलं, कारण एकट्याने स्टुलावर चढायचं नसतं. मी दोन ठिकाणी सही केली, हिने साक्षीदार म्हणून केली. आम्ही सह्या करत असताना व्याही खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावरही पुसत होते.

जवळच एक बाई सोडलेली मांजरं सांभाळतात, त्यांच्याकडे आम्ही तिघं गेलो. तीन पिल्लं होती, एकापेक्षा एक गोंडस. हिने तर एकाला पदरातच घेतलं. कोपऱ्यात एक करड्या रंगाची, एक कान फाटलेली, नऊ वर्षांची मांजरी बसली होती. मालक परदेशी गेले म्हणून आलेली. मोठं मांजर कुणी नेत नाही, असं बाई म्हणाल्या. व्याह्यांनी पिल्लांकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं, आणि ते करड्या मांजरीसमोर जमिनीवर बसले.

"अहो, पिल्लू ठरलं होतं ना?" मी म्हणालो.

"तुमच्या वयाचा हिशेब मी केलाच नव्हता," ते म्हणाले. "पिल्लू घेतलं तर त्याच्या म्हातारपणी तुम्ही ऐंशीला टेकाल. तुमच्या गुडघ्यांवर एवढा भार मी टाकणार नाही."

ते तिला मॅडम म्हणतात. मॅडमनी आल्या दिवशी नवीन गादी नाकारली आणि फाइल ठेवायच्या रिकाम्या खोक्यात मुक्काम ठोकला. नऊच्या फोनला आता अर्धा तास लागतो. मॅडम शिंकल्या, मॅडमनी जाळीतून कबुतराला खडे बोल सुनावले, मॅडमनी आज मला साडेचारलाच उठवलं. कामवाली बाई येताना मॅडमसाठी सुकट, म्हणजे सुकी मासळी, आणते आणि व्याही ती खारट म्हणून नाकारतात, यावर रोज एक वाद होतो, त्याचाही वृत्तांत असतो.

मागच्या मंगळवारी फोन आला नाही. सव्वानऊला मी केला, उचलला नाही. दहाला केला, नाही. दुसऱ्या रिंगला फोन उचलणारा हा माणूस. ऐरोलीहून नेरूळपर्यंत रिक्षात मी काय काय विचार केले ते लिहवत नाही. जबाबदार व्यक्ती म्हणून माझ्याकडे किल्ली होती. कुलूप उघडून मी आत शिरलो.

व्याही खुर्चीत बसले होते. मांडीवर मॅडम झोपल्या होत्या. फोन समोरच्या टेबलावर, हाताला न येण्याइतका लांब. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी दाराला टेकून श्वास घेतला. मला रडू येत होतं आणि त्यांना चांगलं खडसवावंसंही वाटत होतं.

"कधीपासून बसलाय?" मी कुजबुजलो.

"आठपासून. पायाला मुंग्या आल्यात." मग त्यांनी मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला. "व्याहीबुवा, एक गोष्ट राहून गेली. माझ्या पश्चात हिचं काय, ते सगळं लिहिलं. हिच्या पश्चात माझं काय, ते पानच केलं नाही. नऊ वर्षांची आहे हो ही."

एकतीस वर्षं प्रत्येक धोका आधी ओळखणाऱ्या माणसाच्या हातून नेमकं हेच पान राहिलं होतं. त्यांच्या पत्नी गेल्या तेव्हाही ते असेच खुर्चीत बसले होते, आणि मी तेव्हा दाराशीच उभा राहिलो होतो. मी चपला काढल्या, स्टूल ओढलं आणि त्यांच्याजवळ बसलो. मांजरीने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. आम्ही दोघं तसेच, ती उठेपर्यंत, बसून राहिलो.